कोरड्या नदीच्या पल्याड

बाबा, तुमची ती नदी मी पाहिली. आई असती तर तिला आधी सांगितलं असतं. तिनं मानलं नसतंच.

पनवेलच्या खाडीवरचं मिठागर सोडून तुम्ही कच्छच्या रणाकडे मिठाच्या कामाला जाऊ लागलात, तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. दिवाळीनंतर जायचं, पावसाआधी परतायचं. एका वर्षी बरोबरचे दोघं आले, तुम्ही नाही. आलात ते भाताची लावणी उरकल्यावर. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्याशी बसून सांगताय, तिकडे वाळवंटात एक नदी आहे, एरवी नुसती वाळू. यंदा आभाळ कोरडं असताना लोंढा आला नि वाट तुटली.

"पावसाबिगर नदी येते? मना येडी समजता?"

"पाऊस लांब डोंगरात पडतो. पानी मागून येतं."

"मंग ते दोघं कसं आलं?"

"ते अल्याड होते. मी पल्याड."

"पल्याड कशाला गेलेले?"

तुम्ही तांब्या घेऊन पाय धुवायला उठलात. तव्यावरची भाकरी करपली, आईनं ती उलटली नाही.

पुन्हा तुम्ही तिकडे गेला नाहीत. पण आई तुमच्या सदऱ्याचा वास घ्यायची, तुम्ही झोपेत काय पुटपुटता ते कान देऊन ऐकायची. हळूहळू मीही तशीच झाले. ती तापानं पडली तेव्हा तुम्ही माझी वेणी घातलीत, किती सफाईनं. मला बरं वाटायच्या आधी मनात आलं, हे बाबा शिकले कुठे?

तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली. मुलाची बदली त्या भागात झाली म्हणून परवाच्या पावसाळ्यात मी तिथे गेले. कोरड्या पात्रात उभी होते, वर निरभ्र आभाळ. पलीकडच्या काठावरून माझ्याहून थोडी लहान एक बाई ओरडत धावत आली नि तिनं मला मनगटाला धरून आपल्या काठावर ओढून घेतलं. आम्ही दम खातोय तोवर मातकट पाणी काटेरी झुडपं लोटत आलं. नदीबद्दल तुम्ही खरं बोलला होतात.

मी मात्र पाण्याकडे कमी, तिच्या चेहऱ्याकडे जास्त पाहत होते. नाक तुमचं वाटे, क्षणात कुणाचंच वाटत नसे.

"कुठून आलात?" तिनं मोडक्या हिंदीत विचारलं.

पनवेल म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर काही हललं असतं, तर मी काय केलं असतं, बाबा? मी नाशिक सांगितलं.