बोटीचं पाचवं नाव

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांपैकी सात अंगं समजावीत.) तुझे डोळे कसे आहेत? अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. अर्थात बोटीच्या पाठीवर नावं रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसाला लहान अक्षर तसंही जमत नाही.

कळवण्यास दुःख होतं की आमची बोट विकली गेली. तू म्हणशील, परत? हो, परत, पण या वेळचा मालक भंगारवाला आहे. तेव्हा तुला एकदा बोटीतून फिरवून आणायचं माझं सव्वीस वर्षांचं वचन आता बुडालंच म्हण.

पहिल्या मालकांनी तिला 'वसुंधरा' म्हटलं. पाण्यावर चालणाऱ्या वस्तूला पृथ्वीचं नाव ठेवणाऱ्याचं जे व्हायचं ते झालं. तुझ्या आणि भावोजींच्या पासवर सही व्हायची, त्याच आठवड्यात दिवाळं निघालं. दुसरे सराफ. त्यांनी 'सुवर्णतरी' केलं आणि कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांची सवलत बंद केली. (सोनं हाताळून झिजतं म्हणून असेल.) तिसऱ्यांनी 'लकी स्टार' करून जुगाराची टेबलं मांडली, तिथे तुझ्यासारख्या मुख्याध्यापिकेला कुठल्या तोंडानं बोलावणार? चौथ्यांनी म्हाताऱ्या बोटीला 'चिरयौवना' केलं, तेव्हा भावोजी म्हणाले, आता राहू दे रे, ती तरुण आणि आम्ही म्हातारे, बरं दिसणार नाही. मी हसलो. पुढच्या वर्षी नक्की, म्हणालो. पुढच्या वर्षी भावोजी नव्हते.

नावं बदलली, चादरी त्याच राहिल्या. प्रवासी निजायचा वसुंधरेत, तोंड पुसायचा सुवर्णतरीला आणि जेवायचा लकी स्टारच्या ताटात. एकदा सरावासाठी कप्तानांनी लाउडस्पीकरवरून पुकारलं, 'चिरयौवनेवर आग लागली आहे.' आम्ही जुनी मंडळी सावकाश कठड्याशी गेलो आणि समुद्रात कुठे धूर दिसतोय का ते बघत उभे राहिलो. (त्यात मीही होतो. नाव मीच रंगवलं होतं.)

काल कप्तान आले. चौथ्या मालकांना आपलं नाव भंगारात जायला नको आहे. कप्तान म्हणाले, "पंडित, नवं नाव रंगवत बसू नका. आहे त्यातलीच दोन अक्षरं पुसा." मी 'चिर' पुसलं. 'यौवना' राहिली. माणसाचं उलट असतं. यौवन पुसलं जातं आणि चिर तेवढं मागे उरतं. हे मला दोराला लोंबकळताना सुचलं, ऐकायला खाली फक्त पाणी होतं. रंगाचा हात मारताना बोटांना वसुंधरेची अक्षरं लागली. ती लोखंडाची, जोडून बसवलेली. कुणीच काढली नव्हती. मी हात जरा वेळ तिथेच ठेवला. (वरून खलाशानं विचारलं, पंडित झोपले का?)

तू प्रकृतीला जप. बोटीला जपायचे दिवस गेले.

तुझा,
धाकटा

ता. क. भंगारवाल्याच्या धक्क्यापर्यंतच्या शेवटच्या फेरीला आम्ही अठराजण आहोत. तीन दिवस, अकराशे रिकाम्या खोल्या. गरम पाणी नाही, लिफ्ट बंद. कप्तान म्हणतात, प्रवासी चालणार नाही, कर्मचारी म्हणून कुणी आलं तर हरकत नाही. येशील?

आणखी एक. विचारतोय खरा, पण तुझं नाव यादीत कालच घातलंय. हुद्दा काय लिहू, असं कारकुनानं विचारलं. मी म्हटलं, थोरली बहीण. त्यानं तसंच लिहिलंय. मंगळवारी दहाला शिडी काढतात. तू नऊलाच ये, तुला चढायला वेळ लागेल.