आक्काचा अंगठा जुळत नाही

मु. वरची वाडी, ता. पोलादपूर
चैत्र सरता सरता

चिरंजीव प्रवीण यास,

हरीमामाचे आशीर्वाद. सूनबाई स्नेहल हिलाही आशीर्वाद आणि ऋत्विकला पापा. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुम्ही तिकडे खुशाल असाल असं धरून चाललो आहे, कारण विचारायची दुसरी सोय उरलेली नाही. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फेब्रुवारीपासून तुला मी एकोणीस वेळा फोन केला. व्हॉट्सॲपवर अकरा निरोप धाडले, त्यातल्या नऊंवर निळ्या खुणा उमटल्या. (निळी खूण म्हणजे माणसाने निरोप वाचला, असं मला पोरांनी समजावून सांगितलं. तोवर मला वाटायचं की पोचला नाही तर निळं होतं.) पोस्टाच्या पाकिटावर निळी खूण उमटत नाही, त्यामुळे पत्र तुला मिळालंच नाही अशी समजूत मला मागाहून करून घेता येईल. म्हणून हे लिहायला बसलो.

तुझी आई, म्हणजे माझी आक्का, तिला गेलं वर्षभर डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं हे तुला माहीत असेल किंवा नसेल. म्हशी तिने विकल्या त्या याच पायी. धार काढताना हात चरवीच्या बाहेर जायला लागला, तेव्हा तिने स्वतःच दलालाला बोलावलं, दोन्ही म्हशी अडतीस हजारांना दिल्या आणि तीन दिवस जेवली नाही. त्याच वेळी तू गणपतीला आला होतास. पैसे घरात नकोत म्हणून तूच तिला महाडला नेऊन त्या काचेच्या दाराच्या बँकेत खातं उघडून दिलंस. तिच्याकडे मोबाइल नाही म्हणून नंबर तुझा लावलास. तुझं कौतुक वाटलं मला तेव्हा. वाडीत चार ठिकाणी सांगितलं.

तर फेब्रुवारीत तिला महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेली. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे आहे, डावा आधी काढू, पण लवकर काढू, पिकून दगड झाला तर मला त्रास आणि तुम्हाला जास्त, असं तो म्हणाला. दहा मार्च तारीख दिली. पंचवीस हजार आधी भरायचे. मी म्हटलं, आक्का, पेन्शनीतून मी भरतो, मागाहून बघू. तर म्हणाली, "माझ्या म्हशींचं पैसं हायत. तुझं कशाला?" तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. निदान ठाऊक होता.

पैसे काढायचे तर कार्ड हवं. कार्ड कुठे, विचारलं तर तिने ते परातीतून काढून दिलं. पोस्टाने आलेलं ते कार्ड काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण परातीला चिकटलेलं पीठ खरवडायला त्याच्यासारखी वस्तू तिला जन्मात मिळाली नव्हती. (मी स्वतः खरवडून बघितलं. खरोखर उत्तम निघतं. वर्षाला दोनशे छत्तीस रुपये बँक त्याबद्दल घेत होती, ते मात्र जरा जास्त आहेत.) धुऊन, पुसून आम्ही महाडच्या मशीनपाशी गेलो. मशीनला गुप्त आकडा पाहिजे. गुप्त आकडा काढायचा तर सहा आकडी निरोप येणार, आणि तो येणार तुझ्या फोनवर. मशीनबाहेर उभं राहून मी तुला चार फोन केले. मग मी जे केलं ते करायला नको होतं, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा एक दोन तीन चार दाबले. दुसऱ्यांदा आक्काच्या आधार कार्डावरचं साल दाबलं. तिसऱ्यांदा एस.टी.तला माझा जुना बिल्ला नंबर दाबला, तो का, ते मलाही सांगता येणार नाही. मशीनने कार्ड गिळलं. आक्का म्हणाली, "आता परात कशानं खरवडू रे?"

शाखेत गेलो. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेला सर्व्हर चालू होता, पण कशेडी घाटात ट्रक आडवा झाल्याने गाड्या पोलादपूरपर्यंत तटल्या होत्या, आम्ही पोचलो तेव्हा कॅश बंद झाली होती. तिसऱ्या खेपेला सर्व्हर, कॅश आणि रस्ता हे तिन्ही चालू होते, पण खातं बंद होतं. केवायसी राहिलं म्हणाले. केवायसी म्हणजे आक्का ही आक्काच आहे असं मशीनला पटवायचं. त्यासाठी तिने काचेवर अंगठा ठेवायचा. (खातं उघडताना तुझ्या फोनवरच्या सहा आकड्यांवर भागलं होतं, अंगठ्याची गरज पडली नव्हती.) तिने उजवा ठेवला, लाल दिवा लागला. डावा ठेवला, लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. मॅनेजर पोरगेला आहे, घाटावरचा कुठला तरी, वागायला वाईट नाही. तिचा हात उलटासुलटा करून बघून म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत."

आक्का म्हणाली, "पन्नास वर्सं लावणी केली रे बाबा. शेण थापलं, गवत कापलं. रेघा ऱ्हातील कशा?"

"पण मग तुम्ही तुम्हीच आहात हे सिस्टिमला कसं कळणार?"

मी म्हटलं, मी सांगतो ना, माझी सख्खी बहीण आहे. तो म्हणाला, काका, तुम्हाला सिस्टिममध्ये घेता येत नाही. प्रवीण, एकतीस वर्षं मी कंडक्टरकी केली. रात्री हिशेबात दोन रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरले आणि जास्त आले तर लिहून दिले. बाईच्या कडेचं पोर तीन वर्षांचं की सहा वर्षांचं हे मला तोंड बघून कळायचं, अर्धं तिकीट कुणाला फाडायचं त्यात कधी चुकलो नाही. आणि इथे समोर बसलेली बाई कोण आहे हे सांगायचा मला अधिकार नाही, तो एका वाटीएवढ्या काचेला आहे.

ग्राहक सेवेला फोन करा म्हणाले. आपल्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, हे तू विसरला नसशील. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी शिडीने टाकीवर चढवली. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे असं एक बाई बावीस मिनिटं गाण्याच्या चालीवर सांगत राहिली. मग एका मुलीने हिंदीत आक्काची जन्मतारीख विचारली. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, ते मी कानात सांगायच्या आत आक्काने खरं ते सांगून टाकलं. म्हणाली, "भाताची झोडणी चालली होती गो, आई खळ्यावरनंच घरात आली, तवा मी झाले." मुलीने दोनदा विचारलं, आक्काने दोनदा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. तेव्हा ती मुलगी म्हणाली की उत्तर जुळत नाही, तुमच्याच सुरक्षेसाठी खातं आता पूर्ण गोठवत आहोत, अजून काही मदत करू शकते का? अशी सुरक्षा, बाबा. अडतीस हजार इतके सुरक्षित झाले की मालकिणीलाही मिळेनात. दहा मार्च उलटून गेला.

पुन्हा महाडला गेलो तो नेमका वीस मार्च निघाला. चवदार तळ्याची आठवण मला राहिली नव्हती. गाडीवाल्याने गावाबाहेरच उतरवलं. रस्ताभर माणूसच माणूस, पण धक्का म्हणून लागला नाही. आक्का चालताना चाचपडते हे बघून एका बाईने तिचा हात धरला, ती लातूरकडची कुठली होती, तिने तिला मांडवात नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं, नाव विचारलं. आक्काने नाव सांगितलं, बयाबाई. बाईला ते लगेच पटलं. अंगठा मागितला नाही.

बँकेत त्या दिवशी गर्दी नव्हती. चार नंबरच्या खिडकीवर अक्षदा म्हणून एक मुलगी आहे, बिरवाडीकडची. आधीच्या खेपांना ती आम्हाला लांबून बघत होती. त्या दिवशी ती स्वतःहून उठली, मागे जाऊन जेवणाच्या डब्याच्या झाकणात गरम पाणी घेऊन आली, आक्काच्या पायाशी बसली आणि तिचा अंगठा त्यात बुडवून धरला. म्हणाली, "माझ्या आजीचा पण रेशनच्या मशीनवर लागत नाय. थोडं मऊ होऊ द्या." मग रुमालाने पुसून स्वतःच्या पर्समधलं क्रीम लावलं. सहा वेळा लाल दिवा लागला. सातव्यांदा हिरवा. मी खोटं कशाला बोलू, मला डोळे पुसावे लागले, आणि मॅनेजर माझ्याकडे बघत होता म्हणून मी पंख्याकडे बघितलं.

गोठवलेलं खातं पुन्हा उघडलं तेव्हा त्यात अडतीस हजार नव्हते. एकतीस हजार चारशे होते. कार्डाचे गेले, निरोप पाठवल्याचे गेले, नव्या कार्डाचे आधीच गेले, आणि सहा हजारांच्या वर एका अपघात विम्याचे गेले, ज्याला आक्काने घरबसल्या संमती दिली होती. (घरबसल्या म्हणजे तुझ्या फोनवर. सहा आकडी निरोप आला होता, कोणीतरी विचारलं होतं आणि तिकडून कोणीतरी सांगितला होता. तू कामाच्या गडबडीत असशील. मी त्यावर काही म्हणत नाही.) मॅनेजर म्हणाला, प्रत्येक वेळी आम्ही ग्राहकाला कळवलं आहे. ते खरं आहे. कळवलेलं तुला आहे. आक्काने मला विचारलं, "हरी, सहा हजार कुनी नेले?" मी सांगितलं, बँकेने. बाकीचं सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी अक्षदासाठी घरचे पोहे आणि आमसुलं घेऊन गेलो. चार नंबरवर दुसराच मुलगा होता. अकरा मिनिटं खिडकी सोडली म्हणून तिच्याकडून लेखी खुलासा मागितला होता आणि तिला विमा खपवायच्या टेबलावर बसवलं होतं. पोहे घेताना हसली. तिच्यापुढे एक म्हातारा बसला होता, त्याला ती विम्याचे फायदे वाचून दाखवत होती, मान खाली घालून.

ऑपरेशन दोन एप्रिलला झालं. डॉक्टरने आधी मलाच झापलं की तारीख का चुकवलीत. मोतीबिंदू फार पिकला होता, अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. पट्टी सोडली तेव्हा आक्काने भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. धूर भरलेल्या घरातून बघावं तसं दिसतं म्हणाली. डॉक्टर म्हणतो, या डोळ्याला आता एवढंच. तीन आठवडे आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. उजवा अजून चांगला निघेल, पण तो मेच्या वीस तारखेच्या आत काढला पाहिजे.

बँकेकडे मी लेखी तक्रार केली आहे, पाच पानी. उत्तर आलं की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कोणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नाही.

असो. काजूगर ठेवले आहेत. उन्हाळा बाधेल तर ऋत्विकला टोपी घालावी. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर मामा म्हणून पोटात घाल.

तुझा,
हरीमामा

ता. क. खात्याला तुझ्याऐवजी माझा नंबर लावायचा आहे. त्यासाठी जुन्या नंबरावर सहा आकडे येणार, म्हणजे तुझ्याकडे. येत्या सोमवारी बरोबर अकरा वाजता मी बँकेतून फोन करीन. ते आकडे तीनच मिनिटं टिकतात. तेवढा एक फोन उचल.

पुन्हा ता. क. बँकेत भिंतीवर पाटी आहे की हे आकडे फोनवर कोणालाही सांगू नयेत, अगदी जवळच्या नातेवाइकालाही नाही. तेव्हा सोमवारचा फोन राहू दे. तू स्वतःच ये. वीस तारखेच्या आत ये. पैसे आणायला नकोत, कमी पडतील ते मी पेन्शनीतून घालीन. दवाखान्याच्या बाकावर आक्काजवळ कोणीतरी बसलेलं हवं आणि मी आता जिने चढून दमतो.

आणखी एक. हे पत्र लिहिल्याचं आक्काला ठाऊक नाही. अंगठा जुळला त्या दिवशी परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, "प्रवीणनं तिकडनं फोन केला असंल बँकेत, म्हून झालं काम. व्हय ना रे?" मी हो म्हटलं. तेव्हापासून ती वाडीभर सांगत सुटली आहे की माझ्या लेकाने मुंबईत बसून बँक हलवली. तू आलास की ती सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावरून हात फिरवील. तेव्हा काही खुलासा करू नकोस. मान खाली घालून उभा राहा, तिला वाटेल लाजलास.