दाबणारे लई, घेणारे कोण?

३ ऑक्टो.
आज पण तेच. जाहिरात दाबली त्रेचाळीस जणांनी, सीताफळ मागवलं एकानं. काल तर एकानंपण नाही. मोबाईलवर माल विकायच्या क्लासच्या मॅडमनी शिकवलेलं तोंडपाठ आहे: शंभर जण जाहिरात दाबून आपल्या पानावर आले, तर त्यातल्या किती जणांनी खरंच माल घेतला तो कन्व्हर्जन रेट. आणि कुणी दाबलं की आपले पैसे कटतात, तो घेवो नाहीतर न घेवो. पाठ आहे सगळं, पण कटलेले पैसे कुठून भरून काढू?
दादांनी (सासरे) चहा पिता पिता विचारलं, "कावून गं, फोन वाजंना का?" म्हटलं, वाजतोय की, आवाज बंद ठेवलाय. चक्क खोटं बोलले.

४ ऑक्टो.
वरच्या बरडावरच्या, खडकाळ रानातल्या बागेत जाऊन आले. फळं अजून घट्ट आहेत. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या झाल्या, की तोडावंच लागतं. तोडलं की तीन-चार दिवसांत मऊ. मग पुणं कसलं, धारूरच्या बाजारात पण कुणी हात लावणार नाही.
दरसाल बाग उभीच्या उभी व्यापारी रफिकभाईंना जायची. ह्या साली मीच हट्ट केला, आपण मोबाईलवर थेट पुण्याला विकू म्हणून. दादा म्हणाले, "एक साल सूनबाईचं ऐकू. न्हाई जमलं तर पुन्हा हिनं येव्हारात तोंड घालायचं न्हाई." हसत म्हणाले. पण म्हणाले.

६ ऑक्टो.
फोटो बदलला. 'घरपोच' मोठ्या अक्षरात केलं. जाहिरात फक्त पुण्यातच दिसेल असं ठेवलंय, ते परत तपासलं. बरोबर आहे. दाबणारे वाढले. घेणारा एकपण नाही!!
आणि एक. दिवसाचे ठरवलेले पैसे सकाळी दहाच्या आतच संपतात, मग जाहिरात गायब. इतक्या सकाळी सीताफळ कोण शोधतं? कुणी मुद्दाम करतंय का? रफिकभाई?
छे छे. असला विचार आलाच कसा. भला माणूस आहे. भीतीनं डोकं फिरलंय माझं.

७ ऑक्टो.
रफिकभाई आलते. या म्हटलं तरी आत आले नाहीत, दारातूनच बोलले. "बेटा, मी घाई करत न्हाई. पण फळ कुनासाठी थांबत नसतं. जमत नसंल तर सांग, गाडी पाठवतो." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

९ ऑक्टो.
देवा! कळलं.
मामांचा फोन, माझे सख्खे, हडपसरला असतात ते. "काय गं पोरी, आज तुझी जाहिरात लवकर घावंना! रोज देवाला दिवा लावला की पहिली तुझी जाहिरात दाबतो बघ. मामीबी दाबती. चाकणचा पक्या, भोसरीची ताई, समदे दाबत्यात. आपल्या लेकीचं नाव वर आलं पायजे का न्हाई?"
म्हटलं, मामा, एखादं खोकं मागवलं का?
"येडी का काय! आपल्याच बागेतलं फळ कुनी इकत घेतं व्हय? दिवाळीला तू आणशीलच की."
मीच टाकलं होतं ना गणगोताच्या ग्रुपवर, आपली जाहिरात लागली, सगळ्यांनी उघडून बघा म्हणून. पुणं-पुणं केलं, पण निम्मं गणगोत पुण्यातच जाऊन बसलंय हे डोक्यातच आलं नाही. फोन ठेवल्यावर आधी हसू आलं, मग रडू.

१० ऑक्टो.
लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. कसं सांगायचं, तुमच्या मायेनंच माझं वाटोळं होतंय? शेवटी टाकलं: "हात जोडून विनंती, जाहिरात दाबू नका. घ्यायचं असेल तरच उघडा." सगळ्यांनी वाचलं. मामा ग्रुपमधून निघून गेले.
आईचा फोन. "मामा जेवला न्हाई म्हणं. काय बोललीस गं त्याला?"


११ ऑक्टो.
जाहिरात दिवसभर टिकली. पैसे शिल्लक राहिले. दाबलं किती जणांनी? चौघांनी. फक्त चौघांनी! म्हणजे इतके दिवस येत होतं ते आपलंच गणगोत? परकं जवळजवळ कुणी नव्हतंच? आधी वाटायचं लोक येतात पण घेत नाहीत. आता वाटतंय, येतच नाहीत. हे लई वाईट.
चौघांतल्या एकानं दोन खोकी घेतली. रेट बघितला तर शंभराला पंचवीस. मॅडम पेढे वाटतील. पण दोन खोक्यांनी बाग रिकामी होत नसते बाई.

१२ ऑक्टो.
दादा बागेतून आले. टोपीतनं एक फळ आणलं, ओट्यावर ठेवलं. डोळे उघडलेत.
सकाळपासून पाच जण पानावर आले. त्यात एक कोथरूडची बाई. मोबाईलवर दिसतंय, दहा खोकी निवडलीत, पत्ता अर्धा भरलाय, शेवटचं बटण दाबलेलं नाही. नाव ओळखीचं नाही, दोनदा बघितलं. आपल्यातली नाही. दाब ना गं माय.
दादा फोन कानाला धरून दारात आले. "रफिकभाई हाय. गाडी आणू का म्हणतोय. काय सांगू?"
म्हटलं, दुपारपर्यंत थांबा म्हणा. मोबाईल पदराखाली धरला.
दादांनी माझ्याकडं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "सूनबाई दुपारपातूर थांब म्हणती."
पत्ता अजून अर्धाच आहे.