सातवी खाच

भांडगाव,
६ जानेवारी २०२५

चि. सत्यजीतला मामाचे अनेक आशीर्वाद.

माझ्यासारख्या बहिऱ्याला फोनचा काय उपयोग, म्हणून हा कागद. शंभूची सायकल टेम्पोतून धाडली आहे. माझ्या पोराला जाऊन वर्ष झालं, तरी तिचा गिअरचा शिफ्टर उघडायला हात धजत नाही. तू उघड.

त्याला सहाचे सात गिअर हवे होते. शिफ्टरच्या आत आणखी एक खाच पाडून द्या म्हणून मागे लागला होता. चेन स्पोकमध्ये जाईल म्हणून मी झिडकारलं. पंधरवड्यात हायवेवर चेन अडकूनच तो ट्रकखाली गेला. माझ्या मागे त्याने स्वतःच खाच पाडली होती का, एवढं कळव. तसं असेल तर माझ्या नकारानेच तो गेला.

सूनबाई अनिताला सांग, मामाला विसरलीस तरी चालेल, लोणच्याची बरणी तेवढी परत दे.

तुझा,
हौसरावमामा


कारेगाव,
१४ जानेवारी

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

शिफ्टर उघडला. कंपनीतून आल्या तशा सहाच खाचा होत्या. तेव्हा मनातलं काढून टाका. शंभूची हौस राहू नये म्हणून सातवी मी पाडली आणि मागच्या चाकाला सात चकत्यांचं फ्रीव्हील बसवलं.

एक विचित्र झालं. सायकल टांगून अनिता पायडल फिरवत होती, मी गिअर बदलत होतो. दर गिअरला कुणीतरी माझ्या उजव्या खांद्यावर थाप देई. तिसऱ्यांदा मी अनितावर खेकसलो. ती चाकाच्या पलीकडे होती, दोन्ही हात ग्रीसने काळे. तेव्हापासून ती अंगणात येत नाही. बरणी मात्र रिकामी केली आहे.

आपला,
सत्यजीत


भांडगाव,
१९ जानेवारी

चि. सत्यजीतला आशीर्वाद.

हे तुला कुणी सांगितलं? गिअर पडल्याचा आवाज मला येत नाही, म्हणून शंभू मागे उभा राहून दर गिअरला माझ्या उजव्या खांद्यावर एक थाप द्यायचा. सगळे नीट पडले की अख्खा पंजा ठेवायचा. सायकलच्या दुकानात आम्ही दोघंच असायचो. तुझ्या खांद्यावर पंजा पडला का?

मामा


कारेगाव,
२४ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

नाही. अनिता गेल्यावर एकट्यानेच सगळे गिअर टाकून पाहिले; थापा सहाच आल्या, सातवा गिअर पडला तरी सातवी आली नाही. अनिता सायकल घरात ठेवू देत नाही. बरणीसोबत परत पाठवतो आहे. रागावू नका.

सत्यजीत


भांडगाव,
२ फेब्रुवारी

चि. सत्यजीत,

काल शिफ्टर मीच उघडला. सातव्या खाचेत दुहेरी ओरखडा आहे. तसा ओरखडा माझ्या दात तुटलेल्या कानशीचाच उठतो आणि ती कानस वीस वर्षांत दुकानाच्या या भिंतीवरून कुठे गेलेली नाही. म्हणजे खाच शंभूनेच पाडली होती; तू मामाला झोप लागावी म्हणून खोटं लिहिलंस. माझा राग नाही, तुझी माया कळते.

आज सकाळी सायकल टांगली. एका हाताने पायडल, दुसऱ्याने शिफ्टर. सहा थापा आल्या. सातव्याला काही नाही. मग मी मागे न बघता मोठ्याने म्हणालो, "शंभ्या, चुकलं रं माझं. मीच पाडून द्यायला पायजे हुती."

सातवी आली. त्यावर पंजा.

दुपार झाली. हे लिहितोय तरी त्याने हात उचललेला नाही. मलाही उठवत नाही.

तुमची माया अशीच असू दे.

हौसरावमामा