किमान एक लिटर, कुणाच्या कुंडलीत?

७ एप्रिल ९७, सोम. बारामती
साहेबांनी दुधाच्या काट्याचं सगळं लचांड माझ्या गळ्यात मारलं. "नंदा, कुठली सेटिंग कुंडलीत घालायची आणि कुठली ड्रायव्हरकडं ठेवायची, एकदाचं ठरव. मग चिपा बर्न करू, एकदा आत गेलं की पक्कं. गावोगाव जाऊन परत परत बदलायला माणसं आहेत का आपल्याकडं?"
नाहीत. ते आहेत आणि मी आहे.
कुंडली हा शब्द साहेबांचाच. डिस्क्रिप्शन फाइल म्हणायचा त्यांना कंटाळा. पण शब्द चपखल आहे. काटा जसा जन्माला आला तसा लिहायचा: सेल, म्हणजे वजन झेलणारा भाग, किती पेलतो, कुठली वायर कुठल्या पिनेला. त्याला वागवायचं कसं ते ड्रायव्हर, म्हणजे आपला प्रोग्राम, बघेल. ऐकायला सोपं वाटतं.

८, मंगळ.
सेलची क्षमता: कुंडली. पिना: कुंडली. किती रीडिंगची सरासरी घ्यायची: ? फरशी हादरते म्हणून घेतो. फरशी काट्याची थोडीच. ड्रायव्हर.
किमान वजन: ?
जेवायला उठले. संध्याकाळपर्यंत तिथंच अडकले होते.

१०, गुरु.
सुप्याला जाऊन आले. दूध संस्थेची तक्रार, काटा दूध ओळखत नाही म्हणे. काटा ठणठणीत आहे. एक लिटरच्या खालचं दूध ठेवलं की आकडा येत नाही, लाल दिवा लागतो. कुंडलीत लिहिलंय, किमान एक लिटर. भवानीनगरच्या संस्थेनं रांग लवकर हलावी म्हणून मागून घेतलं होतं. तिथं पाटाचं पाणी, घरटी किटल्या भरून दूध. तीच कुंडली सुप्याच्या कोरडवाहूला चिकटवली. कुणी? आम्हीच. घाईत.
रांगेत आत्या. लाल दिवा लागला, किटली उचलली, बाजूला झाली. म्हैस आटत आलीय, अर्धा लिटर निघतं. म्हणाली, "रोजच लागतोय गं. यंत्र हाय, त्याला काय राग धरायचा." तरी रोज येते. दूध घातलं नाही तर सभासदाचं नाव कमी होतं, रोज येताना दिसली तर निदान लगेच काढणार नाहीत, आणि ही संस्था मामांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, दारोदार फिरून उभी केली. मामा गेल्यापासून नाव तिचं आहे.
तिला समजावलं, आत्या, ही सेटिंग ड्रायव्हरकडं हवी होती, चुकून काट्यात गेलीय. ती म्हणते, "मग त्या डायवरला सांग की. टँकर घिऊन रोज हितंच येतो."
हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

१२, शनि.
साहेबांशी वाजलं. माझं म्हणणं एवढंच की सेल पाव लिटरपर्यंत चोख मोजतो. त्याच्या खाली त्याला खरंच कळत नाही, ते कुंडलीत लिहा. एक लिटर हे संस्थेनं ठरवलेलं आहे. ते काट्याच्या नशिबी का लिहायचं?
साहेब: "अगं, कुंडलीत असलं की वाद नाही. यंत्राकडं बोट दाखवून मोकळं होता येतं."
"तेच नकोय."
"हट्टी आहेस." पण मानलं. आता दोन दिवे. यंत्राला जमत नसेल तर लाल. संस्थेला नको असेल तर पिवळा, आणि पिवळ्याचा आकडा संस्थेनं बटणांनी बदलायचा.
लई भारी वाटलं आज. खोटं काय लिहू.

१५, मंगळ.
सुप्यात नवी चिप बसवली. सेक्रेटरी तात्यांना बटणं दाखवली. रांगेतल्या बायांना मोठ्यानं समजावून सांगितलं: लाल म्हणजे काट्याला जमत नाही, पिवळा म्हणजे संस्थेला नको. सगळ्यांनी माना हलवल्या. आत्या कौतुकानं बघत होती, भाची शिकलेली म्हणून. सुरुवातीचा आकडा जुनाच, एक लिटर, ठेवला. कमी करायचा तो तात्यांनी करायचा. त्यांना बाजूला घेऊन सांगितलंही.
"बगतो की," म्हणाले.

१८, शुक्र.
तात्यांना फोन. आकडा एक लिटरच आहे.
"कमिटीत इषय झाला, नंदाताई. एवढ्याशा दुधाचा फॅट काडायचा म्हंजी आशिड जातंय, वेळ जातोय. ऱ्हाऊ द्या म्हनले समदे."
"तात्या, आत्याचं नाव..."
"आमाला काय ती परकी हाय का? पन एकीला सूट दिली की समदी येत्यात."
फोन ठेवला. आकडा त्यांचा, बटण त्यांचं. तसंच पाहिजे म्हणून भांडले होते मी.

२२, मंगळ.
साहेबांना सांगितलं, सुप्याचा आकडा आपणच इथून बदलून चिप पाठवू. ते म्हणाले, "मग कुंडलीतच काय वाईट होतं?" काढलेली चिप परत खोक्यात ठेवली.

२७, रवि.
आत्याकडं. किटली धुऊन ओट्यावर पालथी. दहा दिवस संस्थेत गेलीच नाही. चहाला दूध भरपूर घातलं. म्हणाली, संपतच नाही आता.
विचारलं, का जात नाहीस?
"लाल लागायचा तवर मी जायची. येड्या यंत्राला कळत न्हाय म्हनायची. तू येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिशी पिवळा लागला आन् समदी रांग माज्याकडं बगाया लागली. तात्यानं मान खाली घातली. तात्याच्याच हातात व्हतं म्हनं. खरं हाय का?"
"हो."
"मग तू कशाला सांगितलंस गं?"
रागानं नाही बोलली. राग असता तर बरं झालं असतं. नाव राखायला रोज जायला हवं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी म्हणते, "माणसांनी नगं म्हनल्याव मानूस कसं जाईल?"
परतीच्या एस्टीत रडू आलं. खिडकीकडं तोंड करून बसले.

२८, सोम.
वडगाव निंबाळकरचा काटा उद्या जायचा. चिप रिकामी, फाइल उघडी. सेल, पिना, सगळं भरलं. बरोबर उत्तर मला माहीत आहे आणि ते अजूनही बरोबरच आहे. एक लिटर काट्याच्या कुंडलीतलं नाही.
वडगावलाही कुणाची तरी म्हैस आटत आली असेल. लाल लागला तर ती येत तरी राहील.
साहेबांनी दोनदा विचारलं, "झालं का?" होतंय, म्हटलं. किमान वजनाची ओळ तेवढी राहिलीय.