पहिलवान, जावई अन् अक्काचा गुडघा

तीर्थस्वरूप सोजरअक्कास,

धाकट्या भागवतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (नावाच्या आधी गं. भा. लिहा लागते म्हणतात. दोनदा पेन टेकवला, पण लिहिल्या गेलं नाही. भाऊजीले जाऊन तीन वर्षं झाले, तरी माह्या हाताले अजून पटलं नाही. चूक असल तर माफ कर.)

इकडे समदे खुशाल. ज्योत्स्ना बरी आहे, म्हैस बरी आहे, माही शुगर तेवढी वर-खाली होऊन राह्यली. तुह्या गुडघ्याचं कसं काय? मी धाडलेलं तेल लावते, का शेजारणीले वाटून देते? हे फोनवर इचारलं असतं, पण अडचणीचं बोलणं निघालं की तू "आवाज येत नाई रे" म्हणते अन् ठेवून देते. कागदाले तसं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

तर अक्का, मी गाडी घेऊन राह्यलो. चारचाकी. हसू नको. तीन वर्षांत तुले किती खेपा म्हटलं की चल माहेरी, अन् तुहं एकच उत्तर : "रस्ता नाही रे बावा, कशी येऊ?" ते खरंच आहे. एसटी किन्हीराजाले सोडते, पुढं तुह्या वावरातल्या घरापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची पांदण, मधात नाला, त्यात तुहा गुडघा. यंदा हळदीनं हात देला. मी म्हटलं, रस्ता नाही त नाही, आपण गाडीच अशी आणू की रस्त्याचं कामच पडलं नाही पाह्यजे.

गेलो वाशिमले. तिथं गाड्याच गाड्या, पण माह्या कामाच्या दोन निघाल्या. एक उंच, चौकोनी, चाकं टरबुजाएवढाले नाही, मोटेच्या चाकाएवढाले. दगड, चिखल, डोंगर, काई सांगा, चढते. तिचं नाव मी पहिलवान ठेवलं. दुसरी पांढरी, गुळगुळीत, आत गादी अशी की बसला माणूस उठाले मागत नाही, थंडी हवा वेगळी. ते जावई. (तिचं बी चिखलात पाय घालाचं म्हटलं की तोंड वाकडं होते, हे मले मागून समजलं.) गाडी दाखवणारा पोरगा प्रज्वल नावाचा, लय गोड बोलणारा. त्यानं इचारलं, "काका, वापर कशासाठी?" मी म्हटलं, "बहीण आणाले." त्याच्या कागदावर तसा रकानाच नव्हता. बिचाऱ्यानं 'इतर' वर खूण केली.

आता गाडी तुह्यासाठी, अन् तू तर तिथं नाही. मंग मी डोकं चालवलं. आपल्या शेजारची जमनाबाई आठवते ना? तुह्याच वयाची, तुह्याच अंगाची, अन् डावा गुडघा बी तसाच गेलेला. शिंप्याकडे जाताना बाया नमुन्याचा ब्लाउज नेतात, तशी मी नमुन्याची बहीण घेऊन गेलो. ज्योत्स्ना म्हणे, "काहून त्या म्हातारीले तरास देता?" पण जमनाबाई हौशी. नवं लुगडं नेसून, पानाची डब्बी कमरेले खोचून तयार.

पहिले पहिलवान. जमनाबाईनं एक पाय वर टाकला अन् तशीच राह्यली. ना वर, ना खाली. प्रज्वल एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, वॉचमन मागून, पण मागून हात कुठं लावा हे त्याले समजेना, म्हणून तो नुसता "हुश्श, हुश्श" करे. शेवटी कोनंतरी स्टूल आणला. चढली माय एकदाची. गाडी चालू झाली, पहिल्याच गतिरोधकावर डोकं छताले, डब्बी खाली, कात-चुना समदा प्रज्वलच्या पांढऱ्या शर्टावर. खाली उतरवताना तर तिनं साफ सांगतलं, "भागवत, याच्यापेक्षा आपली बैलबंडी लाखाची. मले आता उतरवू नको, इथीच चहा आण." पाऊण घंटा ती वर बसून होती अन् लोक येऊन तिले नव्या गाडीचे पेढे मागून राह्यले होते.

मंग जावई. त्यात जमनाबाई अशी बसली जशी झोक्यात. पाय उचलाचं कामच नाही. पाचव्या मिनिटाले घोरून राह्यली. मी खुश! प्रज्वलले म्हटलं, "एक चक्कर मारू." तो म्हणे, "चला काका, नाक्यापर्यंत." मी "थोडं पुढं, थोडं पुढं" करत त्याले मालेगावच्या पुढं, किन्हीराजाच्या पांदणीपर्यंत नेलं. (त्याच्या साहेबाचे सात फोन आले. पोरगं रडाच्या घाईले आलतं.) नाल्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, "बेटा, तू बाजूले बस, तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला या मानसानं." अक्का, आपली काळी माती तुले माहीत आहे, वरून परतीचा पाऊस पडून गेलेला. जावई मधात गेला अन् जो बसला, तो बसलाच. मी जेवढी रेस देओ तेवढा खाली. जमनाबाई जागी झाली अन् म्हणे, "आलं काय रे सोजरचं घर?"

आलंच होतं ना वो. नाल्यावरून तुह्या घराचे पत्रे दिसत होते. दांडीवर तुहं हिरवं लुगडं वाळत होतं. पण मी आलो नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, मागं रडणारं पोरगं, उसनी गाडी. अशा अवतारात काय म्हणून येऊ? किन्हीराजाच्या किसनसिंगनं ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. प्रज्वलची नोकरी वाचली. मी स्वतः त्याच्या साहेबापुढं कान धरले. आता त्या दुकानात मले चहा देतात, पण चाबी देत नाहीत.

म्हणजे घोडं असं अडलं : जी गाडी नाला ओलांडते तिच्यात तू चढत नाही, अन् जिच्यात तू चढते ती नाला ओलांडत नाही. दोघांच्या मधातली गाडी कोनी बनवली असल त मले माहीत नाही. चार रातीपासून झोप नाही. अक्का, लहानपणी शाळेच्या वाटंवरचा ओढा आला की तू मले पाठीवर घे, तवा तू नाही पाह्यलं की पोट्ट्याचं वजन किती अन् पाणी किती. मले तुही लय आठवण येते. एवढंच लिहाचं होतं, बाकी समदं गाडीचं झालं.

तुहा,
भागवत

ता. क. : खरं काम हे. एक सुतळी घे. भिंतीले धरून उभी राह्य अन् डावा पाय, दुखल तिथपर्यंतच, वर कर. जमिनीपासून तेवढी सुतळी मोजून गाठ मार अन् पाकिटात घालून धाड. हात राखून मोजजो, बहादुरी दाखवू नको. त्या मापाची पायरी मी पहिलवानाले लोहाराकडून बसवून घेतो.

ता. क. दुसरा (हा मी, ज्योत्स्ना, लिहून राह्यली. यायले माहीत नाही.) :

अक्काजी, नमस्कार. पत्र पोस्टात टाकाले माह्यापाशी देलं, मी वाचलं. यायनं तुमाले लिहिलं नाही ते सांगते. त्या दिवशी नाल्यापासून तुमचं घर पायी दहा मिनिटं होतं. हे वावराच्या धुऱ्यावर बसून रडत होते, जमनाबाईनं मले सांगतलं. चिखलाची लाज नव्हती. तुमी पुन्हा "नाही" म्हणसान, त्याची भीती होती. गाडीचं माप घेऊन राह्यले, कारण तुमाले इचाराची हिंमत नाही.

अन् तुमचं "रस्ता नाही" म्हणजे काय, ते बी मले माहीत आहे, अक्काजी. भाऊजीच्या तेरवीले हे तुमाले "घरी चाल" म्हणाले, तवा मी चुलीपाशीच होती. तुमी माह्याकडे पाह्यलं. मी काईच बोलली नाही, भाजी हालवत राह्यली. मनात नव्हतं असं नाही. मले वाटलं, मोठ्याच्या बोलण्यात मी काय बोलू. तुमी त्याचा अर्थ लावला तो लावला. तीन वर्षं झाले, त्या दिवशी आपण तोंड काहून उघडलं नाही, हे मले टोचून राह्यलं. आज बी तोंडानं जमणार नाही, म्हणून लिहून आणलं.

पोस्टात टाकलं नाही, स्वतःच आणलं. एसटीनं आली, पुढं चप्पल हातात घेऊन नाल्यातून पायी. पिशवीत माहे आठ दिवसांचे कपडे आहेत. चार दिवसांसाठी नाही, कायमचं चला. अन् तुमी हो म्हणत नाही तोपर्यंत मी इथून हालत नाही. तिकडं तुमच्या भावाले साधा चहा मांडता येत नाही, तवा काय ते लवकर ठरवा.

वाचून झालं असल त वर पाहा, अक्काजी. मी समोर बसली आहो.