तिबोच्या भाषणाची दुभाषी

कान्स, १२ जून

ती. ओदिलताईस,
सोलांजचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. जाहिरातवाल्यांचा जागतिक महोत्सव सोमवारी सुरू होतोय. आम्हा दुभाष्यांना व्याख्यानं वाटून दिली आहेत. शुक्रवारी माझ्याकडे सकाळी एक साबणवाला, मग हसण्याचा धंद्याला काय उपयोग यावर बोलणारी एक बाई, आणि तीन वाजता तिबो. माझा तिबो. तो इंग्रजीत बोलणार आणि मी काचेच्या केबिनमध्ये बसून त्याचं फ्रेंच करणार. ओरियाकच्या गल्लीत वाढलेलं पोर आता फ्रेंच माणसांशी इंग्रजीत बोलतंय, तूच लाडावून ठेवलंयस.

ताई, तो सात वर्षांचा असताना मी एका माणसामागे जिनिव्हाला गेले आणि महिन्याभरात येऊन घेऊन जाते असं सांगून पोर तुझ्या ओटीत टाकलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. त्याने माझं एकही पत्र फोडलेलं नाही. यंदा भाषण संपलं की खाली जाऊन मी त्याला भेटणार आहे. हाकलून देईल तर देऊ दे. एकदा आई म्हणाला तरी मला पुरे. त्याला आधी कळवू नकोस.

तुझी माया आहे तशीच असू दे.
सोलांज

*

ओरियाक, १६ जून

चि. सोलांजला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून कशात लक्ष नाही. काल दूध दोनदा उतू गेलं. माझं ऐक, शुक्रवारी आजारी पड. घसा बसला म्हण. तिबो भाषणाच्या सुरुवातीला स्वतःच्या लहानपणचं काहीतरी सांगतो, त्या लोकांत तशी पद्धतच आहे म्हणे. ते तू ऐकावंस असं नाही आणि आपल्या तोंडाने बोलावंस असं तर मुळीच नाही. याहून जास्त मला लिहवत नाही. मी त्याला वेळीच आवरलं नाही, हा माझा दोष. आईवेगळं पोर, रागावायला जीव होत नसे.

भेटायचंच असेल तर इथे ये. मी दोघांना समोरासमोर बसवते.

रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझी ताई, ओदिल

*

कान्स, १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज संध्याकाळी घरी आले तेव्हा पेटीत सापडलं.

आमच्या कामात ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’ म्हणायचं. तिबोने पहिलं वाक्य उच्चारलं आणि मी ते तीनशे माणसांना ऐकवलं: मी सात वर्षांचा होतो तेव्हा माझी आई वारली.

केबिनमध्ये शेजारी बसलेल्या माझ्या जोडीदार दुभाष्याने, एर्वेने, माझा चेहरा पाहून माइक स्वतःकडे घ्यायची खूण केली. मी नको म्हणून मान हलवली. मला पुढचं ऐकायचं होतं. तिबोने त्या सकाळचं सगळं सांगितलं. मी संत्रं सोलून बशीत मांडलं होतं, त्याच्या निळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. ताई, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या हातात बॅग होती, तेवढ्या जागी त्याने मरण ठेवलं. तिथे माझा आवाज कापला आणि हेडफोन लावलेली माणसं डोळे पुसू लागली. मग त्याने विम्याची जाहिरात दाखवली. पुष्कळ टाळ्या पडल्या.

मी खाली जाऊन अभिनंदनाच्या रांगेत उभी राहिले. पाळी आली तेव्हा ठरवलेलं काही आठवेना. तुमचं फ्रेंच मी केलं, एवढंच म्हणाले. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि मादाम, तुमच्यामुळे लोक रडले, असं म्हणाला. मी म्हणाले, तुमच्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं. त्यावर तो म्हणाला की त्याला आता खूप वर्षं झाली.

त्याने मला ओळखलं नाही, ताई. मला फार रडू येतंय. त्याला खोटारडा म्हणायचा हक्कही मी कधीच घालवला. तू त्याला एका शब्दाने बोलू नकोस.

मला टाकू नकोस.
सोलांज

*

पॅरिस, २३ जून

ती. ओदिलमावशीस,
तिबोचा सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो. कान्सला आई भेटली.

शाळेत पहिल्यांदा मी ती वारली असं सांगितलं, ते तुला ठाऊक आहे. सोडून गेलेल्या आईच्या मुलाला काय खोड होती, असं लोकांच्या मनात येतं. मेलेल्या आईच्या मुलाला जवळ घेतात. पुढे त्या गोष्टीवर मला काम मिळत गेलं आणि ती मागे घेता येईना.

ती रांगेत पाच-सहा माणसांमागे होती तेव्हाच मी ओळखलं. तुझ्यासारखीच मान कलती करून उभी होती. समोर आली तेव्हा तिच्या मागे लोक ओल्या डोळ्यांनी थांबले होते. त्यांच्यादेखत तिला आई म्हणालो असतो तर मी काय ठरलो असतो? तिने माझ्या आईबद्दल माझंच सांत्वन केलं, मावशी. मी तिला अहो-जाहो केलं आणि आभार मानले. ती वळून दाराकडे चालत गेली. दारापर्यंत मला हाक मारता आली असती. मी पुढच्या माणसाशी हात मिळवला.

तू रागव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तिबो